मुलांची रांग

ओझेला ह्यूग्लीच्या खाणावळीत सोमवारी नवं माणूस फिरकत नसे. टपालखात्यातले दोघे, शाळेची बस चालवणारी बाई आणि खिडकीजवळच्या टेबलावर डीकन लुशस ब्लेडसो, एवढीच ठरलेली मंडळी. लुशस गिलियड चर्चमध्ये सेवक होता, तिथल्या दफनभूमीची वही सांभाळायचा आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत बाळगून असायचा. त्यामुळे मार्चमधल्या एका सोमवारी हातात फाईल घेतलेली, गालांवर तांबूस ठिपके असलेली एक गोरी मुलगी दारात उभी राहिली, तेव्हा सगळ्यांचे काटे-चमचे एकदम थांबले.

"मिस ओझेला तुम्हीच ना? मी ब्रिन. नगरपालिकेतून आलेय."

"आरोग्यवाला गेल्याच महिन्यात येऊन गेला, बाई," कॉलर्डच्या पाल्याचे दांडे मोडता मोडता ओझेला म्हणाली. "शंभरात अठ्ठ्याण्णव दिलेत त्याने. कागद भिंतीवर आहे, बघून घे."

"दोन कुठे गेले ते विचार तिला," लुशस खिडकीतून म्हणाला. "ते दोन माझ्या ताटातल्या चिकनबरोबर गेले. लहान झालंय हल्ली."

"तुझं पोट मोठं झालंय, लुशस. गप जेव."

ब्रिन तपासायला आली नव्हती. अटलांटाच्या दक्षिणेला असलेल्या या टार्व्हर्स मिल उपनगराची नगरपालिका 'वारसा आणि चव' नावाची एक वाट आखत होती. बाहेरच्या लोकांनी यायचं, जुन्या जागा बघायच्या आणि गावचं जेवून जायचं. ब्रिनने फाईल उघडून यादी दाखवली. जुनं रेल्वे स्टेशन, सूतगिरणीचं धुरांडं, कर्नलचा पांढऱ्या खांबांचा बंगला, पीचची वखार.

ओझेलाने चष्मा पुसून यादी वाचली. वयाच्या पंच्याहत्तरीत तिला दोन गोष्टी सहन होत नसत, पाणचट गोड चहा आणि अर्धवट सांगितलेली गोष्ट.

"या स्टेशनाच्या पुढच्या दारातून माझ्या आईला काळी म्हणून जन्मात कधी आत सोडलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही लोकांना कोणतं दार दाखवणार?"

ब्रिनचे ठिपके लालीत बुडून गेले. पण मुलगी पळाली नाही. "म्हणूनच आलेय," ती म्हणाली. "सहावा थांबा गिलियड चर्च आणि त्याची दफनभूमी करावी आणि सातवा तुमची खाणावळ, असं माझ्या मनात आहे. तुम्ही हो म्हणालात तरच."

खाणावळीचं नाव छापून येईल याची ओझेलाला काही पडली नव्हती. तिच्या मनात दुसरंच होतं. चर्चच्या तिन्ही बाजूंची जमीन विकली गेली होती. पाइनची झाडं पाडून एकाला एक चिकटलेली तीन मजली घरं उठली होती, आणि आता बांधकामवाल्यांचा डोळा मधल्या तुकड्यावर होता. तिने थेट विचारलं, "आमची दफनभूमी या यादीत आली तर कोणी तिला हात लावू शकेल का?"

"नाही. वारसा म्हणून नोंद झाली की कोणीच हात लावू शकत नाही."

ओझेलाचा जीव भांड्यात पडला. तिने तिथल्या तिथे सही केली आणि ब्रिनपुढे ताट ठेवलं. तळलेलं चिकन, बटर बीन्स, कॉलर्ड, रताळं आणि बाजूला मक्याच्या ब्रेडचा चौकोन. नको म्हणायची सोय त्या खाणावळीत नव्हतीच.

त्या दफनभूमीत डेल्फीन होती. ओझेलाची एकुलती एक मुलगी. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत तिला ताप आला, तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. तीन दिवसांत संपलं. तेव्हा मुलांच्या कबरीवर दगड बसवायची ऐपत गिलियडमधल्या आईबापांची नव्हती. पूर्वेच्या कुंपणाजवळ लहान मुलांची एक रांग होती आणि त्या रांगेत प्रत्येक आईने आपल्या मुलाची शेवटची वापरलेली वस्तू ठेवलेली असे. कुठे दुधाची बाटली, कुठे दिव्याची काच, कुठे शिंपले, कुठे चावी संपलेलं घड्याळ. डेल्फीनने शेवटचे दोन घोट ज्यातून घेतले तो कानाचा पिवळा कप ओझेलाने ठेवला होता. रीतीप्रमाणे त्याचं बूड फोडून. वस्तू फोडली की घरातली मरणाची साखळी तिथे तुटते, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. साखळी खरंच तुटली असावी, कारण ओझेलाला पुन्हा मूलच झालं नाही.

पुढे खाणावळ चालली, नवरा गेला, त्याच्या डोक्याशी तिने चांगला ग्रॅनाइटचा दगड बसवला. डेल्फीनला मात्र बसवला नाही. कप होता की. दर रविवारी उपासना आटोपली की ती कपापाशी जाऊन बसायची, आठवड्याच्या गोष्टी सांगायची आणि परत यायची. लुशसच्या वहीत तिने आपली जागाही केव्हाच लिहून ठेवली होती. नवऱ्याजवळ नाही. डेल्फीनच्या डाव्या हाताला. नवऱ्याला आयुष्यभर सोबत दिली, पोरीला साडेचार वर्षंच देता आली, असा तिचा साधा हिशेब होता.

वाटेच्या उद्‌घाटनाआधी दफनभूमी नीट करावी लागणार होती. ब्रिनने फॉर्म पाठवला, आणि ओझेलाने त्याला तीन पानी सूचना जोडल्या. चर्चच्या घंटेला तेल लावू नका, तिचा आवाज तसाच घोगरा आहे. मागच्या खोलीत साठ-पासष्ट साली मतदार नोंदणीचे वर्ग भरायचे, त्या बाकांना रंग देऊ नका. गुलाबाची वेल तोडू नका, ती पाद्रीबाईंनी लावलेली आहे. पाहुण्यांना अकराच्या आत खाणावळीत आणू नका, भट्टीतलं पीचचं गोड कॉबलर तयार नसतं. फॉर्मवर एक चौकट होती, 'सुटा कचरा हलवावा का?' तिने ठळक खूण केली. कुंपणाशी बिअरचे डबे आणि पिशव्या येऊन साचायच्या, त्याने तिचा कायम संताप व्हायचा.

कबरीवरच्या वस्तूंना हात लावू नका, हे मात्र तीन पानांत कुठेच नव्हतं. तिला ते सुचलंच नाही. कुणालाच सुचलं नसतं. कबरीवरचं उचलू नये हे गिलियडमधलं पोर चालायला लागायच्या आधी शिकायचं, आणि त्याबद्दल बाहेरच्यांशी बोलायचं नाही हेही शिकायचं. जेवणाच्या पातेल्यात पाय घालू नका, असं कोणी पाहुण्यांना लिहून देतं का?

एप्रिलमधल्या एका शनिवारी केशरी शर्ट घातलेली तीसेक माणसं आली. शहरातल्या कुठल्याशा कंपनीतली, सुट्टीच्या दिवशी समाजाचं काम करायला आलेली, हसरी, घामेजलेली, भली माणसं. देखरेखीला लुशस खुर्ची टाकून बसला होता. ओझेला खाणावळीत पहाटेपासून उभी होती, कारण या सगळ्यांना जेवू घालायचं तिने आपण होऊन कबूल केलं होतं. बारा वाजता तिने निरोप धाडला, "डीकनला आधी पाठवा, त्याला साखरेचं दुखणं आहे, वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते."

लुशस आला आणि खिडकीजवळ बसला.

"कसं चाललंय?" तिने विचारलं.

"झकास. पोरं मुंग्यांसारखी कामाला लागलीत. मातीचा एक ट्रक पण आलाय, खड्डे बुजवायला. कोणी पर्यटक पाय मुरगळून पडायला नको म्हणे."

"कुठले खड्डे?"

"असतील काहीतरी. बीन्स वाढ की अजून."

तिने वाढले. तासाभराने केशरी शर्टवाले दोन पंगतींत जेवून गेले. ओझेलाने प्रत्येकाला कॉबलर दुसऱ्यांदा वाढलं. एका उंच माणसाने तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "मिस ओझेला, तिथे वर्षानुवर्षांची फुटकी भांडीकुंडी पडली होती, काय सांगू! दोन ट्रक भरून पाठवलं सगळं."

चुलीवरच्या दोन्ही कढयांना उकळी फुटली होती आणि कोणीतरी बर्फ संपल्याचं ओरडत होतं. "देव तुमचं भलं करो, बाळांनो," ओझेला म्हणाली, आणि उरलेलं चिकन तिने त्यांच्याबरोबर बांधून दिलं.

रविवारी उपासना संपल्यावर ती नेहमीसारखी मागच्या दाराने उतरली, आणि तिला वाटलं आपण चुकून भलत्याच बाजूला आलो. समोर हिरवळ होती. नव्या घरांपुढे असते तशी, सपाट, कापलेली, टोकापर्यंत एकसारखी. दगडांच्या कबरी स्वच्छ धुतलेल्या होत्या, तिच्या नवऱ्याचं नाव उन्हात चमकत होतं. ती पूर्वेच्या कुंपणाकडे चालत गेली. कुंपण होतं. रांग नव्हती. बाटल्या नाहीत, शिंपले नाहीत, घड्याळ नाही. मुलांच्या कबरी जिथे जिथे जराशा खचल्या होत्या तिथे ताजी माती दाबून वर गवताचे तुकडे अंथरले होते.

"लुशस!" तिने हाक मारली. आवाज असा निघाला की चर्चच्या पायरीवरच्या गप्पा बंद पडल्या.

लुशस काठी टेकत आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. त्याचा पाठचा भाऊही याच रांगेत होता, दिव्याच्या निळ्या काचेखाली. त्याने काठीच्या टोकाने गवताची एक कड उचलून पाहिली.

"मी जेवायला गेलो होतो," तो म्हणाला.

"मीच बोलावलं होतं."

"अगं, पण कबरीवरचं कोणी उचलतं का?"

"मी लिहून द्यायला हवं होतं."

"असं कोणी लिहितं का, ओझेला?"

तिने पावलं मोजायचा प्रयत्न केला. कोपऱ्यातल्या देवदाराच्या खुंटापासून मोजली असती, पण खुंटही उपटून नेला होता. लुशसच्या वहीतही त्या रांगेपुढे 'मुलं' एवढंच लिहिलेलं होतं, कोण कुठे ते नाही. आणि खरं सांगायचं तर पावलं तिने कधी मोजलीच नव्हती. पन्नास वर्षं ती कपाकडे बघत चालत गेली होती. आपल्या घरातल्या स्वयंपाकघरापर्यंत किती पावलं, हे कोण मोजून ठेवतं?

सोमवारी खाणावळ बंद ठेवून दोघं लुशसच्या गाडीने कचराडेपोवर गेली. तिथला माणूस भला निघाला. त्याने नोंद काढली, टोपी काढली, त्यांना कठड्यापर्यंत नेलं आणि खाली बोट दाखवलं. शनिवारचा माल त्या तिथे, म्हणाला, पण त्यावर नंतर चाळीस ट्रक पडलेत आणि यंत्र फिरलंय. खाली उतरायची परवानगी कुणालाच नाही. वर पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. ओझेला कठड्याला धरून बघत राहिली, जणू बघत राहिल्याने पिवळं काही वर येणार होतं.

"आणखी काही करता येईल का हो?" तिने विचारलं.

"नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. एवढ्या हळू म्हणाला की तिला त्याच्यावरही रागावता आलं नाही.

हेच सगळ्यात वाईट होतं. राग धरायला माणूसच सापडत नव्हता. केशरी शर्टवाल्यांना तिनेच आशीर्वाद दिले होते. चौकटीत खूण तिची होती. ब्रिनला कळलं तेव्हा ती धावत आली आणि गिऱ्हाइकांसमोर ढसाढसा रडली. "मी विचारायला हवं होतं, मिस ओझेला, मला माहीतच नव्हतं, मी काय करू सांगा." आणि ओझेला, जिच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण गेला नव्हता, ती उठून त्या पोरीची पाठ थोपटत बसली, तिच्यापुढे कॉबलरची वाटी सरकवली. दुसरं काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं.

ब्रिन मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. तिने विद्यापीठातला एक माणूस गाठला. मेच्या अखेरीस तो आला तो गवत कापायच्या यंत्रासारखं काहीतरी ढकलत. जमिनीखाली काय आहे ते त्याच्या पडद्यावर उमटायचं. ओझेलाने त्या दिवशी चर्चला जायचा निळा पोशाख घातला होता. दिवसभर तो कुंपणालगत येरझारा घालत होता आणि मध्येच वाकून जमिनीत एक लहानसं गुलाबी निशाण खोचत होता. एक, दोन, पाच, आठ. संध्याकाळी अकरा झाली.

"अकरा कबरी," तो म्हणाला. "सगळ्या लांबीला चार फुटांच्या आतल्या. रांग अगदी सरळ आहे."

"त्यातली माझी कोणती?"

त्याने घाम पुसला. "यंत्राला माती कुठे खणली होती तेवढंच कळतं, मॅडम. आत कोण आहे ते नाही कळत."

"साडेचार वर्षांची होती. अंगाने बारीक."

"चौघांची लांबी तेवढी आहे," तो म्हणाला. "कदाचित सहांची. खात्रीने सांगितलं तर ते खोटं होईल."

तो यंत्र गाडीत चढवून गेला. ओझेलाने लुशसला पायरीवर बसवलं आणि स्वतः मागच्या दारापाशी गेली. डोळे मिटून चालायचं तिने ठरवलं. डोक्याला आठवत नसेल, पायांना आठवेल. पहिल्यांदा ती चौथ्या निशाणापाशी थांबली. पुन्हा दाराशी जाऊन चालली, तर सातव्यापाशी. तिसऱ्यांदा परत चौथ्यापाशी. तिच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा रंग आला.

"लुशस! चौथं! दोनदा चौथंच आलं!"

लुशसने मान खाली घातली. न बोलता राहिला असता तर बरं झालं असतं, पण खोटं त्याच्या तोंडून निघत नसे. "चौथ्याजवळ मी बसायचो गं आईबरोबर," तो म्हणाला. "निळी काच होती ती. म्हणजे मला तरी तसं वाटतं. नक्की नाही."

ती चौथ्यापाशी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग गवतावरून बाजूला झाली. दुसऱ्याच्या लेकरावर हक्क कसा सांगायचा?

जूनमध्ये वाट सुरू झाली. माहितीपत्रकं छान छापली होती. सहाव्या थांब्याखाली 'शांत, सुंदर राखलेली दफनभूमी' असं होतं. शनिवारी बस यायची, माणसं दफनभूमी बघून भुकेली होऊन खाणावळीत यायची आणि रांग पार रस्त्यापर्यंत लागायची. टपालखात्यातल्या दोघांना बसायला जागा मिळेना. दूरच्या राज्यातून आलेल्या एका म्हातारीने ओझेलाचा हात धरून म्हटलं, "किती स्वच्छ ठेवलीय हो तुम्ही लोकांनी! तुमचं कोणी आहे का तिथे?"

"मुलगी आहे."

"अगंबाई. कुठल्या बाजूला? जाता जाता फूल ठेवीन."

ओझेलाच्या हातात वाफाळतं ताट होतं. "तिकडेच आहे," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिने दोन कढया बीन्स जाळले.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी गिलियडचा गावी परतायचा दिवस असतो. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी येतात, उपासना होते आणि मग झाडांखाली लांब फळ्या मांडून सगळ्यांचं जेवण होतं. ओझेलाने याही वर्षी चार पराती भरून चिकन आणलं. बायकांनी आपापल्या गेलेल्यांसाठी वस्तू आणल्या होत्या, बश्या, बरण्या, बाहुल्या. पण मुलांच्या रांगेत कुठे ठेवायच्या हे कळेना, म्हणून त्या तशाच पिशव्यांत राहिल्या.

जेवणानंतर लुशसने दरवर्षीप्रमाणे वही काढली. सत्तरीपुढच्यांना तो एकेक करून विचारायचा, जागा तीच का, बदल करायचाय का. ओझेलाची पाळी आली तेव्हा त्याने पेनाचं टोपण उघडलं आणि परत लावलं.

"डेल्फीनच्या डाव्या हाताला," त्याने वाचलं. "हे आता कसं करायचं, ओझेला?"

तिने यावर अडीच महिने विचार केला होता. "मला आडवी ठेवा," ती म्हणाली. "मुलांच्या पायथ्याशी, कुंपणाला धरून. म्हणजे ती कुठल्याही कबरीत असली तरी माझ्याजवळच असेल."

लुशसचा चेहरा पडला. गिलियडमध्ये सगळ्यांना पूर्व-पश्चिम ठेवतात, पाय पूर्वेला. शेवटल्या दिवशी उठून बसलं की तोंड सूर्याकडे हवं. जगाला आडवं, म्हणजे उत्तर-दक्षिण, ठेवतात ते ज्यांनी खून केला, ज्यांनी गळफास घेतला त्यांना.

"लोक म्हणतील हिच्या हातून काहीतरी पाप घडलं होतं."

"घडलं नाही का?"

"वेड्यासारखं बोलू नको. पाद्री ऐकणार नाहीत."

"मी पाद्रींशी बोलले. तुझी इच्छा असेल तर देव समजून घेईल, म्हणाले. तू लिही."

लुशसने वही मांडीवर ठेवली. तो पन्नास वर्षं कबरी आखत आला होता, फूट आणि इंच त्याच्या बोटांत बसले होते. त्याने कुंपणाकडे पाहिलं, गुलाबी निशाणांवर नजर फिरवली आणि ओठ हलवत मनातल्या मनात काहीतरी मोजलं. मग त्याने डोळे पुसले.

"अगं, ती रांग तेहतीस फुटांची आहे," तो म्हणाला. "तू सव्वापाच फूट. आडवी ठेवली तरी दोन मुलांच्या पायाशी येशील फार तर."

झाडाखाली कोणीतरी कॉबलर संपल्याचं सांगत होतं आणि बायका परातींवर कापड टाकत होत्या.

"कोणती दोन लिहू?" लुशसने विचारलं.